मी गाळलेलं वाक्य

माझ्या नवऱ्याला माझ्या बहुतेक चुका ठाऊक आहेत. काही मी सांगितल्या, काही त्यांनी पकडल्या, आणि आता आम्ही दोघं त्यांवर हसतो. पण ही एक — ही त्यांनाही माहीत नाही. लेकीला नाही, बहिणीला नाही. नृसिंहवाडीला दत्तासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मन इथवर येतं आणि पटकन दुसरीकडे वळतं. देवासमोरही माणूस विषय बदलतो — तुमचं होतं का कधी असं?

आज सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

सुरुवात अक्काताईंपासून करते. खरं तर माझ्यापासून करायला हवी, पण त्यांच्याबद्दल बोलणं सोपं जातं. शिवाजी पेठेत आमच्या समोरच राहतात. जैन कुटुंब, बाजारात धान्याचं जुनं दुकान, आता मुलगा बघतो. आवाज असा, की त्यांनी घरात कुणाला ‘चहा घे’ म्हटलं तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणेल, नको, आत्ताच झाला. त्यांचा भाचा साखर कारखान्यात केमिस्ट. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथल्या एका कारखान्यात तो काही वर्षं होता. कारखान्याजवळ आईबाप नसलेल्या मुलांचं एक छोटं वसतिगृह होतं, मर्सी नावाची बाई चालवायची. भाचा तिथे अधूनमधून जाई, फोनवरून अक्काताईंना मुलं दाखवी. पुढे तो दुबईला गेला. पण अक्काताई म्हणाल्या, “त्यानं सोडलं म्हणून आपण सोडायचं व्हय?”

झालं. आमच्या भिशीच्या बायकांचं मंडळ झालं. उन्हाळ्यात चटणी-पापडांची विक्री, दिवाळीआधी चिवडा-चकली, आणि वर्षातून एकदा पेठेतल्या दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना. फलकावर आम्ही ‘मैत्रीपूर्ण सामना’ असं लिहायचो. मैत्री तेवढी फलकावरच! पण सामना संपला, की एकमेकांचं तोंड न बघणारी तीच पोरं आमचे विक्रीच्या भडंगाचे डबे खांद्यावरून घरी पोचवायची. जमलेले पैसे मलावीला जायचे. पेठेतल्या निम्म्या लोकांना तो देश नकाशावर सापडला नसता, पण ‘आपली तिकडची पोरं’ म्हटलं की हात खिशात जायचा. मला अजूनही वाटतं, या गावाइतकी मोकळ्या हाताची माणसं मी कुठे पाहिली नाहीत.

आणि मी? मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मंडळात माझं काम तेवढंच — इंग्रजी. मर्सीशी बोलायचं ते मी. तिचे निरोप यायचे तेही माझ्याच फोनवर. अक्काताईंच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीला फोन जोडायचा, पंधरा-वीस बायका खाली सतरंजीवर, आणि मी टीव्हीशेजारी खुर्चीवर. खुर्ची मलाच. ती खुर्ची मला आवडायची — हे आत्ताच सांगून ठेवते.

एकदा मर्सीनं फोटो पाठवला. पावसात भिजलेली मुलं, अंगात पातळ बनियन. अक्काताई हळहळल्या, “गारठत्यात की गं पोरं!” मी लगेच म्हटलं, तिथे जून-जुलैत थंडी पडते. कुठेतरी अर्धवट वाचलं होतं. ते वसतिगृह तळ्याकाठी, सखल भागात आहे, तिथे उकाड्यानं जीव जातो — हे कुठे मी बघितलं? पण शाळेच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर विषयच संपला. दुसऱ्या दिवशी लोकर आली.

किती विणलं त्या बायकांनी! दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, टीव्ही बघताना, कुणाच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर. अक्काताईंची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली होती. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या, मग सुया धरायच्या. लाल, पिवळे, मोरपंखी स्वेटर. कानटोप्या वेगळ्याच. पार्सल गेलं.

दिवाळीनंतर फोन लागला. पडद्यावर सगळी मुलं दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांत पुढे थोको. सात-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेले. अक्काताईंची लाडकी. आधीच्या फोनांमध्ये त्यांनी तिला एक शब्द शिकवला होता. अक्काताई इकडून ओरडायच्या, “काय गं थोको, जेवलीस का?” आणि ती तिकडून तितक्याच जोरात, “व्हय की!” सोपा हसून हसून कोसळायचा.

मग मर्सी बोलायला लागली. अतिशय नम्रपणे. म्हणाली, स्वेटर फार सुंदर आहेत, इतक्या प्रेमानं आमच्यासाठी कुणी काही केलेलं नाही. पण ताई, इथे फार गरम होतं, मुलांना ते घालवत नाहीत. आणि पार्सल सोडवायला आम्हाला बराच खर्च आला. रागवू नका, पण आता पावसाळा सुरू होतोय, डास वाढतील, आमच्या मच्छरदाण्या फाटल्यात. पुढच्या वेळी तेवढ्या द्याल का?

ती थांबली. सोपा माझ्याकडे बघत होता. अक्काताईंनी विचारलं, “काय म्हणतीया ती?”

मी म्हटलं, “म्हणते, स्वेटर फार सुंदर आहेत. इतक्या प्रेमानं आमच्यासाठी कुणी काही केलेलं नाही.”

आणि थांबले.

टाळ्या झाल्या. अक्काताईंनी डोळे पुसले. मर्सीनं त्या टाळ्या पडद्यावर पाहिल्या आणि तीही हसली — तिला वाटलं असणार, मच्छरदाण्यांना होकार मिळाला.

कितीतरी दिवस मी मनाला समजावलं, की अक्काताईंच्या वाकड्या बोटांकडे बघून मला ते सांगवलं नाही. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पण तसं नव्हतं. थंडी पडते, हे सांगितलं कुणी? मी. ते वाक्य सांगितलं असतं तर पंधरा बायकांसमोर, त्या खुर्चीत बसून, मी चुकीची ठरले असते. एवढंच होतं ते. मर्सीनं नंतर निरोप पाठवून आठवण केली. मी उत्तर दिलं — बघतो, प्रयत्न चालू आहेत. कसले प्रयत्न? इकडे बायका नवी लोकर आणत होत्या.

संक्रांतीला परत फोन लावला, तिळगूळ दाखवायला. थोको दिसली नाही. मर्सीचा चेहरा उतरलेला. म्हणाली, थोको दवाखान्यात आहे. मलेरिया. डोक्यात ताप गेलाय, थरथरतेय, शुद्ध नाही.

मी सांगितलं, “थोकोला ताप आलाय. थंडी वाजून.”

शब्दांनी बघितलं तर खोटं नव्हतं, हो ना? मी इंग्रजीची बाई. शब्द कसे निवडायचे ते मला येतं.

अक्काताई घाबऱ्या झाल्या. म्हणाल्या, “थंडीच भरली आसंल लेकराला. बाई, औंदा जाड लोकर घेऊया.” त्याच दिवशी त्यांनी जाड लोकर मागवली. थोको बरी व्हावी म्हणून बसदीत, त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन आल्या, गोड खाणं सोडलं. आणि मी त्यांच्या शेजारी बसून लोकरीचे गुंडे करून देत होते. माझे हात कसे चालले असतील? चालले. व्यवस्थित चालले.

थोको वाचली. होळीच्या सुमाराला वसतिगृहात परतली. फोनवर दिसली तेव्हा अक्काताई सतरंजीवरून उठून टीव्हीपाशी गेल्या आणि ओरडल्या, “काय गं थोको, जेवलीस का?” ती नुसती बघत राहिली. मग शेजारच्या मुली हसल्या, त्यांच्याकडे बघून हसली. मर्सी म्हणाली, तापानं दोन्ही कान गेले.

त्या दिवशी मी सगळं नीट सांगितलं. कान गेले, मलेरियानं गेले, डासांनी होतो. आणि मग — जणू मर्सी आत्ताच, पहिल्यांदाच म्हणतेय अशा आवाजात — म्हणते, मच्छरदाण्या हव्यात.

अक्काताईंनी हातातली लोकर बाजूला ठेवली. रुसल्या नाहीत, दुखावल्या नाहीत. मला ज्याची भीती वाटत होती त्यातलं काहीएक झालं नाही. “एवढंच व्हय?” म्हणाल्या. “मग आधी सांगायचं की तिनं! लाजली आसंल.” आणि तिथल्या तिथे त्यांनी तालमीच्या पोरांना फोन लावला. त्याच आठवड्यात सामना ठरला, भडंगाची पोती आली, गुढीपाडव्याच्या आत मच्छरदाण्यांचे पैसे रवाना झाले. इतकं सोपं होतं ते. दिवाळीतही इतकंच सोपं असतं.

मच्छरदाणी असती तर थोकोला ताप आलाच नसता का? माहीत नाही. संध्याकाळीही डास चावतात, बाहेरही चावतात, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. का विचारलं, ते तुम्हाला कळलं असेल.

आणि आणखी एक. इकडच्या बायकांना वाटलं, मर्सी लाजली, म्हणून उशीर झाला. तिकडे मर्सीला दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत वाटत राहिलं असणार, की या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेल्या. दोन्हीकडची माणसं चांगली. त्यांच्यामध्ये मी बसले होते, खुर्चीवर.

कार्यक्रम अजून चालतात. थोको आता मोठी झालीय, बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाते, हातांनी भराभरा बोलते. अक्काताई थकल्यात, पण आवाज तोच. गेल्या महिन्यात फोन झाला. मर्सी म्हणाली, तुमच्या बायकांना माझं सांगा — या ताई नसत्या तर आमचं म्हणणं तुमच्यापर्यंत कधी पोचलंच नसतं. त्या आमचा आवाज आहेत.

“काय म्हणतीया?” अक्काताईंनी विचारलं.

मी सांगितलं. शब्द न शब्द.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काताईंनी सुनेला हाक मारली, नारळ आणि तांदूळ आणायला सांगितले. म्हणाल्या, “बाईंची ओटी भर. त्या हायत म्हणून हाय हे सगळं.”

सून नारळ घेऊन पुढे आली. मी उठून उभी राहिले आणि पदर पुढे केला.