सतरा नंबरचा मेंदू

समजा, हातात माऊस आहे आणि समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी मेंदूचा करडा काप. दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर खोल आत, करंगळीएवढा एकेक भाग: हिप्पोकॅम्पस. आठवणी तिथे मुरतात. विसरण्याचा आजार चारचौघांत दिसायच्या आधीच हा भाग बारीक होऊ लागतो. त्याच्या कडेने रेघ ओढायची, कापामागून काप. मग संगणक आकारमान सांगतो. अट एकच. मेंदू कुणाचा, हे रेघ ओढणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून नाव झाकून नंबर देतात.

विभागात सगळे तिला काकू म्हणत. एकोणीस वर्षं ती ही रेघ ओढत होती आणि मोठ्या डॉक्टरीणबाईही तिच्या कामावर बोट ठेवत नसत. घरी मात्र कौतुक थोरल्या जावेचं. अडुसष्टाव्या वर्षी तिला अख्ख्या गोतावळ्याचे वाढदिवस तोंडपाठ.

"गॅस बंद केलास ना गं?" जाऊ सगळ्यांसमोर विचारायची. "नाही, दिवसभर दुसऱ्यांची डोकी बघतेस, स्वतःचं कुठे राहिलं तर पंचाईत."

सगळे हसायचे. काकूही हसायची, आणि आतल्या आत जळायची.

तुलनेसाठी निरोगी मेंदूही लागतात, म्हणून गेल्या वर्षापासून दोघी जावा मेंदूचे काप टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात झोपत होत्या. यंदा सतरा नंबर उघडला आणि काकूने ओळखलं. डोकं किंचित डावीकडे कललेलं. जाऊबाई तासन्‌तास खांद्याला फोन लावून बोलतात, त्यांची मान अशीच. नियमाने फाईल परत द्यायची. तिने रेघ ओढायला घेतली. जिथे कड धूसर, तिथे आतून. जिथे शंका, तिथेही आतून, म्हणजे आकारमान कमीच भरेल.

"आता सांगा वाढदिवस," ती पुटपुटली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी नंबरांमागच्या नावांची यादी उघडली आणि तिला बोलावून दार लोटलं.

"काकू, बसा. सतरा नंबर तुमचा आहे. वर्षात तेरा टक्के घट दिसतेय."

"माझा कसा असेल? ती मान..."

"तुमचीच. पडद्याकडे बघून बघून कललीये, सगळे चेष्टा करतात की."

काकू खालच्या आवाजात म्हणाली, "मी रेघ आतून ओढली. मुद्दाम."

"कितीशी आतून?"

तिने आठवून पाहिलं. कड आठवली, माऊस आठवला, जावेचं हसणं तर लख्ख आठवलं. किती आतून, ते काही आठवेना. डॉक्टरीणबाईंनी फाईल नव्याने रेघ ओढायला शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे पाठवली.

त्या तेरा टक्क्यांतले जळफळाटाचे किती, आणि खरे किती?