चौथ्या बाजूचं ग्रीस

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रीसचा डबा कोनाड्यात ठेवत होते. आदल्याच संध्याकाळी त्यांनी दवाखान्यातून निरोप धाडला होता, की अनंत चतुर्दशी महिन्यावर आली, नलूला म्हणावं डबा आणून ठेव, घरी आले की गाडीचं बघते. यांनी फोन कानापासून दूर केला आणि "ताई गेली" एवढंच म्हणाले. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले... त्याला आता दोन महिने होत आले.

ताई म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलं नाही, आणि काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला दटावायचा हक्क त्यांनी आपणहून घेतलेला होता. मी नाशिकची. लहानपणीच्या पोलिओनं माझा एक पाय अधू. लग्न होऊन काशीला आले त्या वर्षी, नेहमीप्रमाणे अनंत चतुर्दशीला, रामनगरची महिनाभराची रामलीला सुरू झाली. ही लीला एका जागी बसून बघता येत नाही. आज अयोध्या, उद्या जनकपूर, अशी तिची ठिकाणं गावभर पसरलेली, आणि प्रसंग पुढे सरकला की बघणारेही मागोमाग चालत निघतात. सासूबाई, ताई आणि हे रोज जायचे. मला गर्दी सोसत नाही, असं मी सांगून टाकलं होतं आणि सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. एकदा निघताना ताई दारात थबकल्या, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी लष्कराच्या लिलावातली, साइडकार जोडलेली जुनी मोटारसायकल घरी आणली. घरी म्हणजे मैदागिनजवळच्या एका ओळखीच्या वखारीत, कारण आमच्या गल्लीतून गायच जेमतेम वळते. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. गणिताच्या बाई पदर खोचून गाडी शिकताहेत म्हटल्यावर मोहल्ल्याला गप्पांना विषय मिळाला. कशासाठी हे धूड, असं कुणी विचारलं की ताई म्हणायच्या, "हौस." ती साइडकार मात्र माझ्याखेरीज कुणाला फारशी लाभली नाही. नाशिकची असून पंचवटी मी डोळे भरून पाहिली ती गंगेपलीकडे, रामनगरच्या लीलेत, आणि नाशिकच्या रामाला याचं काही वाटलं नसावं.

त्या गाडीला चेन नव्हती. इंजिनाकडून मागच्या चाकाकडे एक लोखंडी दांडा जायचा, आणि खड्ड्यात चाक खालीवर झालं तरी तो फिरत राहावा म्हणून त्याला मनगटासारखा एक जोड होता. त्या जोडाच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो. मिस्त्री त्याला नुसतं क्रॉस म्हणतात. त्याच्या चार टोकांवर चार टोपणं, आणि टोपणांत सुयांसारख्या बारीक सळया. मधल्या एका तोंडातून ग्रीस दाबलं की ते चारी टोपणांत पोचायला हवं.

हे आम्हाला कळलं ते गाडी मोडल्यावर. लीला निम्म्यावर आली होती. राजघाटचा पूल ओलांडून पडावच्या चौकात वळलो तर सीटखालून खटखट सुरू झाली, मग एक मोठा आवाज, आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना. चार जणांनी ढकलत ती शकूरभाई मिस्त्रींच्या दुकानापाशी नेली. मी साइडकारमध्येच बसून होते. संपलं आपलं जाणं, असं मनात म्हणून टाकलं. घरी बसायची सवय होतीच.

शकूरभाईंनी जोड खोलून ताईंपुढे ठेवला. तीन टोपणं ग्रीसनं भरलेली होती. चौथं कोरडं ठणठणीत, आतल्या सुयांचा लाल भुगा झालेला. ताईंनी तो भुगा बोटांवर घेतला, बराच वेळ चोळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नलू, तिघी जेवून उठल्या गं. हिला कुणी विचारलंच नाही, आणि हीसुद्धा चुपचाप बसून राहिली... मोडलं ते हिच्यापाशीच."

ताईंची हौस काय होती ते मला तिथं कळलं. माझ्यावर इतकी माया तोवर कुणी केली नव्हती, आणि ती मी ग्रीसच्या वासात, पाय अवघडून बसलेली असताना ओळखली.

शकूरभाईंनी नवा क्रॉस बसवला, आम्ही लीलेच्या अखेरीला राज्याभिषेकाला वेळेवर पोचलो. तेव्हापासून दरवर्षी लीलेआधी ताई वखारीत पाट टाकून बसायच्या. त्या ग्रीस दाबायच्या आणि मी बॅटरीचा उजेड धरून बघायची. प्रत्येक टोपणाच्या कडेनं आधी काळं, मग नवं पिवळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. एखादी बाजू रुसली, तर गाडी वीतभर पुढे ढकलायची म्हणजे जोड फिरतो, आणि पुन्हा दाबायचं. घरी पानं वाढतानाही त्यांचं तसंच. नको म्हणणाऱ्याला त्या दोनदा विचारायच्या आणि तिसऱ्यांदा न विचारता वाढायच्या.

यंदा जायचं की नाही, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नव्हतो. मग एका सकाळी हे आपणहून वखारीत गेले. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस. साइडकार एका अंगाला ओढते म्हणून पहिल्या दिवशी लाकडाच्या ढिगातच शिरले. पण शिकले. चतुर्दशीच्या दुपारी ताईंच्या पाटावर मी बसले, ग्रीस गन माझ्या हातात आणि बॅटरी यांच्या. तीन बाजूंनी पिवळं आलं. चौथीकडून काहीच नाही.

"बस झालं गं, तीन तर आल्या ना," हे म्हणाले. "उशीर होईल."

मी म्हटलं, गाडी वीतभर पुढे ढकला. त्यांनी ढकलली. पुन्हा दाबलं... आधी काळं आलं, मग हळूहळू पिवळं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी रडले नव्हते. ते पिवळं पाहून रडले. यांनी खुंटीवरचं फडकं काढून माझ्यापुढे धरलं. ताईंच्या निळ्या सुती साडीचं फडकं ते, अजून काठ शाबूत आहे. त्यानं मी आधी चौथी बाजू पुसली, मग डोळे. गालाला ग्रीस लागलं ते तसंच ठेवून साइडकारमध्ये बसले, आणि आम्ही रामनगरला गेलो.