उप्पीट, पाणी आणि अण्णांचे गणित

श्रीपादअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी दाखवायची मुलगी म्हणून त्यांच्यासमोर उभी होते. अंगावर जरीकाठी परकर, केसांत अबोलीचा गजरा आणि हातात उप्पिटाची बशी. अण्णा तेव्हा हुबळीत मुलांच्या हायस्कुलात गणित शिकवीत. मी शाळा का सोडली, एवढेच विचारायला ते आले होते. पण आमच्या कमरीपेठेत परका गृहस्थ ओसरीवर बसून मुलीचे वय, ती कधी उठते, कोणती कामे करते असे विचारू लागला, की त्याचा अर्थ एकच होई.

आमची मुलींची शाळा सकाळी भरे आणि वरच्या इयत्तांतून मुली गळत. शाळा बंदच करावी, असे ती चालवणाऱ्या पंचांच्या मनात आले होते. सभेत एक वकीलसाहेब म्हणाले, "मुलींना गणित झेपत नाही, म्हणून जातात." अण्णा पाहुणे म्हणून बसले होते. स्त्रीशिक्षणाविषयी तोवर आपले काही मतच नव्हते, असे ते आजही सांगतात. पण गणितावर आळ आलेला त्यांना सोसेना. "कुणाला विचारून पाहिलंत का?" त्यांनी विचारले. कुणीच विचारले नव्हते.

मग अण्णा घरोघर हिंडू लागले आणि घरोघर उप्पीट खाऊ लागले. आमच्याकडचे तिखट लागून त्यांनी पाणी मागितले. आई ओशाळली. "बसा की हो जरा. सकाळभर हिला नळावर उभी केली, तरी पाणी पुरलं नाही बघा. आता आणतीय आडावरनं." मी गजऱ्यासकट घागर उचलली. परतले तेव्हा अण्णा डोळे पुसत होते. आईला वाटले, मुलगी पसंत पडली.

दुसऱ्या कुणी एवढ्यावरच पंचांकडे धाव घेतली असती. अण्णा मात्र ज्यांच्या मुली शाळेत जात होत्या, त्यांच्याही घरी जाऊ लागले. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणाल्या, "सोडलेल्यांचं विचारताय, कळलं. जाणाऱ्यांच्या घरी काय काम?"

"तिथं न जाता फरक कळणार कसा?"

तोवर दाजीबानपेठेत बातमी पोचली होती की मास्तर दुसरे लग्न करणार आहेत आणि फार चोखंदळ आहेत. म्हणून अक्काही सोबत निघाल्या. त्यावर बायका म्हणू लागल्या, "थोरली गुणाची हं. स्वतःच धाकटी बघायला आलीय."

पुढच्या सभेत अण्णांनी फरशीवर चिंचोके मांडले. शाळेतल्या मुलींचे चुना लावलेले, सोडलेल्यांचे बिनचुन्याचे, काळे. आधी जातीप्रमाणे ढीग केले. दोन्ही रंगांचे चिंचोके सगळीकडे मिसळलेले. वडिलांच्या धंद्याप्रमाणे केले, तेच. मग अंगणात आड असलेली घरे एकीकडे आणि नळावर अवलंबून असलेली दुसरीकडे केली, तसे पांढरे आणि काळे जवळजवळ वेगळे झाले. नळाची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती.

"मग नळाची वेळ बदला," वकीलसाहेब म्हणाले.

"नळ आपला नाही. शाळा आपली आहे."

वकीलसाहेबांनी वाकून काळ्यांतला एक पांढरा चिंचोका दाखवला. "हा चुकलाय तुमचा. आड नाही, तरी मुलगी शाळेत?"

"ती तुमची मुलगी, वकीलसाहेब. तुमच्याकडं पाणी भरायला बाई आहे. आणि मुलीला गणित उत्तम येतं, मी विचारून आलोय."

शाळा अकराला भरू लागली. मी पाणी भरून शाळेत जाऊ लागले. माझ्या पाटीवरची उदाहरणे अण्णा रविवारी तपासत आणि अक्का चुकांच्या संख्येकडे न बघता लाडू देत.

माझी आई शेवटपर्यंत म्हणे, "मास्तरांना पसंत होती ही. पुढं काय बिनसलं, देव जाणे." पुढे काय झाले ते इतकेच, की आज मी त्याच शाळेत गणित शिकवते.

अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना आणि अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अजूनही ते लोकांच्या ओसऱ्यांवर प्रश्न विचारत बसतात. तिथे उप्पीट पुढे येईल तेव्हा पाण्याचा तांब्या भरलेला असो, आणि तो भरणारी मुलगी शाळेत गेलेली असो.