आप्पांनी खडी धुतली

कासुर्डीचे नामदेव आप्पा माशांना हाळी घालायचे. सकाळी हौदाशी उभं राहून, मेंढरांना बोलवावं तशी लांबलचक हाळी, आणि काठीनं काठावर दोन टोले. चिलापी मासे खरोखरच वर यायचे. मासे टोल्यांना येतात, हाळीला नाही, असं शास्त्र मी त्यांना एकदा ऐकवलं. "मग हाळी माझ्यासाठी ऱ्हाऊ द्या, मास्तर," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात ओरडले.

मी तेव्हा पाबळला राहून गावोगाव माशांच्या पाण्यावर भाजी पिकवायचे हौद बसवून द्यायचो. प्रकार साधा असतो. हौदात मासे, शेजारी खडी भरलेले वाफे, खडीत पालक नाहीतर पुदिना. माशांनी घाण केलेलं पाणी वाफ्यांतून फिरतं, भाजीला खत मिळतं आणि पाणी निवळून माशांकडे परत येतं. पाणी थोडं लागतं, वीज जवळजवळ नाहीच. म्हणजे, आम्ही सांगायचो तरी तसंच. माझ्या आराखड्यात दोन पंप होते. आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं, उतार कुठं आहे हे त्यांना पायांनीच कळायचं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पान्याला खाली जायाला कवा लाईट लागली व्हती?" हौद ओट्यावर चढला, वाफे खाली आले, आणि खाली जमलेलं पाणी आप्पा दिवसातून चार वेळा हातपंपानं वर चढवू लागले. माझे पंप खोक्यातच राहिले.

आप्पा माळकरी. मासे खाणं सोडाच, मासे शिजलेल्या घरी ते पाणीही प्यायचे नाहीत. हौद बचत गटाचा, मासे आणि भाजी बायकांची, राखण मात्र आप्पांची. मासे काढायच्या दिवशी ते मांडवगण फराट्याला लेकीकडे निघून जात. "राखनाऱ्यानं त्या दिवशी थांबू न्हाई," एवढंच म्हणत. दोन दिवसांनी आले की उरलेले मासे नजरेनंच मोजत. आकडा कधी चुकत नसे.

वर्ष होत आलं तेव्हा या कामाला मदत देणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम पाहणीला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर गटातल्या आणखी आठ जणींच्या दारात असेच हौद होणार होते. गटाची अध्यक्ष आप्पांची सून शोभा; तिनं आठही जणींना शब्द देऊन ठेवला होता. मी आप्पांना फोनवर सांगितलं, सगळं जरा स्वच्छ ठेवा. माझी चूक झाली ती इथं.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची, हे आप्पांच्या हाडात मुरलेलं. पाव्हण्यांसाठी त्यांनी खडी धुतली. वाफे उपसले, खडा न् खडा घासला, आणि वरून ग्रामपंचायतीच्या नळाचं, जंतू मारायच्या पावडरचा वास मारणारं पाणी सोडलं. बुळबुळीत काळी खडी चकचकीत झाली. तिसऱ्या दिवशी शोभाचा फोन आला. मासे वर येऊन तोंड उघडत होते आणि काही मेलेही होते. पाहणीला चार दिवस उरले होते.

खडीवरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच सगळं असतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांच्या घाणीतलं विष मोडून ते भाजीचं खत करतात. वर्षभरात हे मी आप्पांना सांगितलंच नव्हतं. म्हाताऱ्याला कशाला डोक्याला ताप, असं मला वाटलं होतं. ते आता मेलेल्या माशांपुढं उभा राहून सांगितलं. आप्पांनी वाफ्यातला एक चकचकीत खडा उचलून बोटांनी चोळून पाहिला.

"म्हंजी मी इरजनाचं गाडगं घासून ठिवलं," ते म्हणाले.

जे शिकायला मला दोन वर्षं लागली होती, ते त्यांनी एका वाक्यात आटपलं. उपायही त्यांनीच काढला. घरातलं विरजण संपलं की शेजारणीकडून आणतात, तसंच आणायचं. मांडवगणला माझा दुसरा हौद होता. तिथली मळकी, ओली खडी दोन गोण्यांत भरून आम्ही मोटरसायकलवर निघालो. एक गोणी माझ्यापुढं टाकीवर, दुसरी आप्पांच्या मांडीवर. वाटेत चहाला थांबू म्हटलं तर नको म्हणाले, खडी वाळेल. घरी येऊन ती वाफ्यांतल्या खडीत मिसळली आणि निम्मं पाणी विहिरीच्या पाण्यानं बदललं. घाण कमी व्हावी म्हणून माशांचं खाणं बंद ठेवा, असं मी सांगितलं, तर आप्पांनी स्वतःचंही बंद केलं. शोभानं माझ्याकडं असं पाहिलं, की दुसऱ्या दिवशी माशांना चिमूटभर चालेल, असं मी ठोकून दिलं. त्यांनी चिमूटभर टाकलं आणि मग भाकरी खाल्ली.

मॅडम आल्या तेव्हा हौदात निम्मेच मासे होते. बाकीचे विकले असं सांगायचं, हे मी शोभाला पढवून ठेवलं होतं. मासे कमी दिसतात, असं मॅडम म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले.

"मेलं. म्या खडी धुतली म्हनून मेलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, गाडग्यापासून गोण्यांपर्यंत. शोभाचा चेहरा उतरला. आठ हौद गेले, असं मी धरून चाललो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आप्पांचा मनापासून राग आला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग, या आठ जणींना शिकवणार कोण, असं विचारून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी शिकवीन," आप्पा म्हणाले. "मास्तरांच्या हातनं अजून एकबी मासा मेला न्हाई. त्येंना काय सांगता येनार?"

आठ हौद मंजूर झाले. आप्पांच्या पहिल्या शिकवणीला त्यांच्या ओट्यापुढं आठ बाया वह्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यामागं वही घेऊन नववा मी बसलो होतो.