उपासाच्या दह्याशेजारी

"शोभाताई, ते मोरीत ओतून द्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी स्वतः बाटलीला हात लावला नाही. फ्रिजचं दार उघडं धरलं आणि बोट दाखवलं. मी जिन्यातच उभी होते, हातात गिऱ्हाइकाला दाखवायच्या साड्या. शोभाताईनं माझ्याकडं बघितलं नाही. बाटली उचलली, मोरीपाशी वाकली, झाकण फिरवलं. माझं दूध. पातळ, जरासं निळसर. आवाजही न करता गेलं.

"वरून पाणी टाका चांगलं," वहिनी म्हणाल्या. मग मला, "अगं, नवरात्राचं दही आहे आत. उपासाचं. त्याच्या बाजूला हे ठेवतेस? तुमच्याकडे चालत असेल. आमच्याकडे नाही चालत."

तुमच्याकडे. हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. या दुकानात माझी जात कुणी तोंडानं काढलेली नाही. गरजच पडली नाही. कामावर घेताना आडनाव विचारलं, मग उमरेडला कोणत्या बाजूला राहते ते विचारलं. तेवढ्यात झालं त्यांचं.

इतवारीच्या बाजारातलं साड्यांचं दुकान. खाली गादी आणि गिऱ्हाइकं. वर मालाची खोली, भाऊंची केबिन आणि तो एक फ्रिज. भाऊ म्हणजे मालक, वहिनी त्यांची बायको. बाळंतपणानंतर मी उमरेडला घरीच होते. सणाची गर्दी सुरू झाली आणि भाऊंचा फोन आला. "यायचं असेल तर आता ये. नाहीतर दुसरी पोरगी बघतो."

माझी मुलगी तेव्हा मानही धरत नव्हती. जन्मली तीच कमी वजनाची. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, आईचंच पाजा, वरचं दूध नको. नवरा कोळशाच्या ट्रकवर, ट्रिप मिळाली तर मिळाली. मी हातानं दाबायचा पंप घेतला आणि पुन्हा एसटीत बसले.

मालाच्या खोलीला आतून कडी नव्हती. मी खोक्यांच्या आड, दाराला पाठ लावून बसायची. आधी काहीच यायचं नाही. मनगट दुखून यायचं, छातीत गाठी, आणि बाटलीच्या तळाशी चार थेंब. मग मोबाईलमधला तिचा रडतानाचा व्हिडिओ लावायची, आवाज बारीक करून. तो ऐकला की पान्हा फुटायचा. भरलेली बाटली फ्रिजात. संध्याकाळी बर्फ भरलेल्या थर्मासात घालून उमरेडच्या गाडीत, मांडीवर. दुसऱ्या दिवशी सासू वाटी-चमच्यानं पाजायची. म्हणजे त्या दिवशी मोरीत गेलं ते तिचं उद्याचं पोट.

आणि मी काय केलं? खाली गेले. साड्या दाखवल्या. "ताई, हा रंग तुमच्यावर उठून दिसेल." हेच बोलले मी, त्याच तोंडानं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचं बाळ रडलं. माझा ब्लाऊज पुढून ओला झाला. आत कापडाच्या घड्या होत्या, त्याही पुरल्या नाहीत. त्या बाईनं हातातली साडी हळूच माझ्यापासून लांब ओढली. गादीवरून भाऊ म्हणाले, "देखो, मालाला डाग नको लागायला. मागे जा. संडासात जाऊन काय ते कर." दोन-तीन गिऱ्हाइकांनी मान खाली घातली. एक हसली.

संध्याकाळी शोभाताई बस स्टँडपर्यंत सोबत आली. ती या दुकानात माझ्या लग्नाआधीपासून आहे. चालता चालता म्हणाली, "माह्यावर राग नको धरू वं. मी तर माह्या तिन्ही लेकराच्या टायमाले त्याच मोरीत पिळलं. भिंतीकडं तोंड करून. कोणाले सांगत होती मी?"

मला तिचा राग आला होता. तो तिथंच गेला. पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्या मोरीत किती जणींचं गेलं असेल, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूचा फोन आला. सकाळी वरचं दूध पाजावं लागलं होतं. "पोरगी ओकून राहिली वं. जुलाबबी लागले. आता काय पाजू तिले?"

मी फोन ठेवला. मालाच्या खोलीत गेले नाही. भाऊंच्या केबिनमध्ये गेले. आतून कडी लावली. त्यांच्या खुर्चीत बसले आणि पंप लावला.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"कोण आहे आत?"

"मी आहे, भाऊ. दूध काढून राहिली."

"बाहेर ये आधी."

"येते. झालं की येते."

ते दाराबाहेर उभे राहिले. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे. त्या दुकानात माझ्यासाठी कुणी थांबलं, ते पहिल्यांदा. मी घाई केली नाही. त्या दिवशी व्हिडिओ लावायचीही गरज पडली नाही.

बाहेर आले, फ्रिज उघडला, बाटली ठेवली. दह्याच्या शेजारी. भाऊंनी वहिनींना हाक मारली. वहिनी आल्या.

"काल सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग काढ ते."

"मी नाही काढत. तुमाले नको असन तर तुमच्या हातानं काढा."

वर काम करणाऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. वहिनींनी मागे वळून बघितलं. "शोभाताई."

शोभाताई साड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली.

"शोभाताई, तुम्हाला सांगतेय मी."

"माह्यानं नाही होत, वहिनी."

वहिनींचा हात फ्रिजपर्यंत गेला. बाटलीपाशी थांबला. मग त्यांनी दह्याचं भांडं उचललं आणि खाली निघून गेल्या.

मुलगी हळूहळू सावरली. दुकान मात्र सुधारलं नाही. त्याच आठवड्यात भाऊंनी एक जुना छोटा फ्रिज आणला आणि जिन्याखाली, संडासाच्या भिंतीला लावून ठेवला. "घे, तुमच्यासाठी वेगळा आणला. आता तर खुश?"

बायका म्हणाल्या, चांगलं झालं. नवराही म्हणाला, "भेटला ना फ्रिज. आता कायले भांडतं?"

माझं माहेर पारशिवनीकडचं. आई ज्या वावरात निंदायला जायची, त्या घरी तिची कपबशी वेगळी होती. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. चहा वरून ओतायचे. पिऊन आई ती धुवायची आणि जागेवर ठेवायची. मी तिचा पदर धरून उभी असायची. जिन्याखालचा फ्रिज मी एकदाच उघडून बघितला. तीच कपबशी. फक्त याला वायर होती.

मी त्यात काही ठेवत नाही. माझी बाटली वरच्याच फ्रिजात जाते. कुणीतरी ती कोपऱ्यात सरकवतं. मी पुन्हा पुढे ठेवते. भाऊ म्हणतात, दिवाळी झाली की तुझं बघतो. बघू दे. कामगार ऑफिसात जाऊन विचारून आले आहे. पाजणाऱ्या बाईला कायद्यानं वेळ मिळतो, ती काही मेहरबानी नाही. तक्रार करायची तर साक्ष लागेल म्हणाले. शोभाताई येते म्हणाली.

नोकरी जाईल कदाचित. गेली तर गेली. पण जोवर मी या दुकानात आहे, तोवर माझ्या लेकीचं दूध जिन्याखाली जाणार नाही.