“मला आत टाका, साहेब”

पोलीस खात्यात माणसे ओढत, ढकलत, कधी समजावत ठाण्यात आणावी लागतात. पण भर दुपारी स्वतःच्या पायाने येऊन “मला कोठडीत टाका” म्हणणारा माणूस मला उभ्या नोकरीत एकच भेटला. निवृत्तीनंतरही तो प्रसंग मनातून गेलेला नाही.

तेव्हा मी उदगीरला ठाणे प्रभारी होतो. नुकताच डबा संपवून हात धूत होतो, तोच ठाणे अंमलदार आत आला.

“साहेब, बाहेर एक जण आलाय. तक्रार द्यायची नाही म्हणतो. मला आत टाका म्हणतो.”

“प्यालाय का?”

“नाही साहेब. शुद्धीत आहे.”

मी त्याला बोलावले. पस्तिशीचा, काटक माणूस. अंगात नवा कोरा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. आमच्या जुन्या जमादारांनी त्याला पाहताच ओळखले. काही वर्षांपूर्वी घरफोडीच्या गुन्ह्यात त्यांनीच त्याला पकडले होते. शिक्षा भोगून तो नुकताच सुटला होता.

“काय केलंस?” मी विचारले.

“काहीच न्हाई, साहेब. अजून तरी न्हाई.”

“मग आत कशाला टाकू?”

“भायेर राहिलो तर करीन.”

गुन्हा नसताना कुणाला कोठडीत टाकता येत नाही, हे मी त्याला सांगितले. तो तसाच उभा राहिला. जमादारांनी मला बाजूला घेतले. “साहेब, ह्याचा डाव असेल. आपण ठाण्यात बसायचं आणि साथीदारांकडून काम उरकून घ्यायचं. म्हणजे ह्याच्यावर संशय यायला नको.”

शंका रास्त होती. असे डाव आम्ही पाहिले होते. त्याला समोर बसवून मी प्रश्न सुरू केले. काम कुठले, कोण कोण आहेत, कधी ठरले? तो खाली मान घालून गप्प. आवाज चढवला, तरी गप्प. खोटे बोलणारा माणूस न विचारता माहिती पुरवतो, हा माझा अनुभव. हा एक शब्द देत नव्हता. त्यामुळेच मला त्याचे खरे वाटू लागले.

चहा मागवला आणि सहज विचारले, “शर्ट छान आहे. कुणी घेतला?”

त्याचा चेहराच बदलला. मग तो बोलू लागला. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात त्याच्या घरचे कुणी आले नव्हते. भावाने आधीच निरोप पाठवला होता, इकडे येऊ नकोस. बायको मुलीला घेऊन हदगावकडे माहेरी गेलेली. दारात उभा होता तो एकच माणूस, त्याचा जुना साथीदार.

“गाडी घेऊन आला व्हता, साहेब. हाटेलात पोटभर जेवू घातलं. शर्ट घेतला, राहायला खोली दिली. आता म्हणतोय, चल, एक काम हाय. त्याचं खाल्लंय मी. न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू?”

“आणि हो म्हणालास तर?”

“त्या घरात एक म्हातारी एकटीच ऱ्हाती. मागच्या बारी आमच्या धक्क्यानं एक म्हातारा पडला व्हता. त्याचं इव्हळणं अजून कानातून जात न्हाई.”

आता मला वाट दिसली. मी म्हणालो, “तुझ्या माणसाचं नाव मला सांगू नकोस. त्याचं खाल्लंस, ठीक. पण त्या म्हातारीनं तुझं काय वाकडं केलंय? ती कुठं राहते, एवढंच सांग.”

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि धान्याच्या मोंढ्यामागच्या एका घराची खूण सांगितली.

साध्या वेशातली माणसे त्या घराभोवती पेरली. त्याच रात्री मागच्या भिंतीवरून उतरताना त्याचा साथीदार आणि आणखी एक जण, असे दोघे कटावणीसह सापडले. म्हातारीला सकाळी पंचनाम्याच्या वेळीच सारे कळले. घाबरण्याऐवजी तिने आमच्या शिपायांनाच दटावले, “रातभर भायेर उभे व्हते, तर आवाज द्यायचा की! चहा तरी केला असता.”

आमचे काम झाले होते. हा मात्र ठाण्याच्या बाकावर बसून होता. ज्या खोलीत राहायचा, ती साथीदाराची. आता जाणार कुठे? जमादार उठून त्याच्यापाशी गेले. म्हणाले, “ऊठ. घरी चल माझ्या. आधी जेवून घे.” ज्याने बेड्या घातल्या, त्याच्याच घरी हा माणूस काही दिवस राहिला.

तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता. औशाला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या सुतारकामाच्या दुकानात शाळांसाठी बाके बनवायचे. त्यांना फोन करून काही न लपवता सगळे सांगितले.

“जय भीम, साहेब. हात चालतो का त्याचा?”

“चालतो म्हणतो. तुम्ही बघा.”

“मग पाठवा. पण मी कारागिरांना पहिल्याच दिवशी खरं सांगणार. लपवलं तर कधीतरी उघडं पडतंच, आणि मग माणूस तोंड चुकवून पळतो.”

त्यांचे म्हणणे मला पटले. मीही एक गोष्ट केली. तिथल्या ठाण्याला विनंती केली, की गावात चोरी झाली म्हणून वर्दीतली माणसे उठून दुकानात जाऊ नयेत. चौकशी करायचीच तर साध्या कपड्यांत, आणि दुकानाबाहेर. गिऱ्हाइकांसमोर एकदा वर्दी दिसली, की मालकाचीही अडचण होते.

काही महिन्यांनी दुकानमालकांचा फोन आला. त्याची बायको मुलीला घेऊन आली होती. आल्या आल्या ती दुकानात शिरलीच नाही. समोरच्या रसवंतीपाशी उभी राहून नवऱ्याला रंधा मारताना बघत राहिली. मग आत येऊन मालकांना एवढेच विचारले, “रोज येतेत का कामाला?”

“एक दिवस खाडा नाही, ताई.”

ती परत माहेरी गेली नाही.

पुढे नांदेडला बदली झाल्यावर, कुणी सुटणार असल्याचे कळले की मी त्याच्या गावी शिपाई पाठवून घरच्यांना निरोप द्यायचो, तुरुंगाच्या दारात कुणीतरी जा. काही गेले, काही गेले नाहीत. ज्यांच्या घरचे गेले, तेही सगळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. दोघातिघांना मी पुन्हा पकडले आहे. पण गुन्हेगार पकडणे म्हणजेच पोलिसाचे काम, ही माझी समजूत या माणसाने मोडली. सुटलेल्या माणसाला पहिले जेवण कोण घालतो, यावर त्याचे पुढचे बरेच काही ठरते. ते जेवण चांगल्या माणसाच्या हातचे असावे, एवढी व्यवस्था आपण करू शकतो, आणि त्याला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

अलीकडेच त्याने औशाला दोन खोल्यांचे घर बांधले. वास्तुशांतीला जमादार आणि मी दोघेही गेलो. दारे-खिडक्या सगळ्या त्याच्याच हातच्या. दारावरून हात फिरवत जमादार म्हणाले, “दार तर झकास झालंय. कुलूप तेवढं चांगलं घे बाबा.”

तो हसत म्हणाला, “त्याची काळजी नगं, जमादारसाहेब. कोणतं कुलूप उघडत न्हाई, ते मला पक्कं ठाऊक हाय!”

सगळ्यांत मोठ्याने त्याची बायको हसली.