सारजाअक्काची लसणी रताळी

आमच्या सारजाअक्काचा हात लई सैल. पैशाचा न्हाय, मिठामसाल्याचा. चिमूटभर घाला म्हटलं की मूठ घालणार. ती माझी थोरली जाऊ. मोहोळजवळच्या आमच्या मळ्यात सगळं तिच्याच हुकुमानं चालतं. फक्त रताळ्याच्या पट्टीवरनं तिचं आन् तिच्या मालकांचं, म्हंजे कोंडीबाभावजींचं, दरसाली वाजायचं.

रताळी पौषात निघतात, पण मागणी महाशिवरातीच्या उपासाला. तवर खोलीत ठेवली की बुरशी धरायची. एक काळं पडलं की शेजारचं, मग अख्खा ढीग. औंदा भावजी म्हणाले, "आता सडली तर त्या पट्टीत ऊस लावतो. बास झालं." ती पट्टी अक्कानं लग्न होऊन आल्या साली दगड वेचून केलेली. तिचा जीवच तितं.

अक्कानं हंडाभर कडुनिंबाचा पाला उकळला. काढा गाळला, गार केला, त्यात रताळी बुचकळली, सावलीत सुकवली आन् कोरड्या वाळूत पसरली. चांगली टिकली की! मग गप बसावं का न्हाय? बाजाराच्या तोंडावर म्हणे, "जरा जोर येऊ दे," आन् लसूण वाटून त्या पाण्यात सगळी परत बुडवून काढली. मी माहेरी गेलेली, न्हायतर हातातला वरवंटा काढून घेतला असता.

मोहोळच्या बाजारात पहिल्याच म्हातारीनं रताळं नाकाला लावलं. "अगं बाई, लसूण! उपासाला?" ती गेली, तिच्या मागनं बाकीच्या गेल्या. मी अक्काच्या कानात म्हटलं, "शेजारच्या पाटीचा वास हाय म्हणा की." तर माझ्यावरच डोळे वटारले. "म्हादेवाच्या उपासाला लोकांस्नी लसूण चारू व्हय?" आन् येईल त्याला स्वतःच सांगायला लागली, बाबा, ही लसणाची हायती, उपासाला नेऊ नका. असलं माणूस कुटं मिळायचं? मला राग बी आला आन् माया बी.

सांजच्याला भरल्या पाट्या अंगणात उतरल्या. अक्का खाली मान घालून उभी. भावजींनी एक रताळं मोडलं, मग दुसरं, मग पाटीच्या तळाचं. सगळी आतनं पांढरीशुभ्र. त्यांनी वास घेतला आन् हसले.

"एक बी सडलं न्हाय गं," ते म्हणाले. "पुढल्या साली नुसता कडुनिंबच घाल."

पुढल्या साली! बाजारात टिपूस न काढलेली आमची अक्का तितंच मटकन खाली बसली आन् ढसाढसा रडली.